ऑपरेशनाआधीचा सत्कार

फाट्यावर माझा फ्लेक्स लागलाय, हे मला मुलीनं सांगितलं. मी ओसरीवर दुधाची मापं घासत होते. ती समोर येऊन उकिडवी बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, "आई, तू फाट्यावर हायेस." मी म्हटलं, "मी तर इथं बसलेय." तिनं कपाळावर हात मारला. "तुझा फोटू गं. चल, दाखवते."

डोक्यावर पदर घेतला आणि गेले. चौसाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचा फाटा लागतो, तिथं रसवंतीच्या बंद टपरीवर तो ताणून बांधला होता. वरच्या रांगेत मोठे नेते मोठे आणि छोटे नेते छोटे, अशा हिशेबानं तोंडं छापलेली. त्याखाली हात जोडून उभे आमचे सासरे. सगळ्यात खाली गॉगल लावलेली गावातली शुभेच्छुक पोरं. आणि मधोमध मी. नणंदेच्या लग्नातल्या फोटोतून मला कापून काढलं होतं, त्यामुळं माझ्या गळ्याशी दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा राहिला होता. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, श्रवणशक्ती परत मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. रविवारी चारा छावणीवर जाहीर सत्कार.

माझे कान होते तसे बहिरे होते. ऑपरेशन झालं नव्हतं. करायचं की नाही, हेही मी ठरवलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडं सत्काराला काम होण्याची वाट बघायची सवय नाही. पोरगं पोलीस भरतीला पळायला लागलं की त्याचा फ्लेक्स लागतो. रस्ता मंजूर होणार असं कुणी फोनवर म्हटलं की नारळ फुटतो. एकदा सत्कार झाला की काम झालंच पाहिजे, नाहीतर सत्कार करणाऱ्याची शोभा होते, असा तो उलटा हिशेब आहे. त्या हिशेबात आता माझा कान सापडला होता. त्या दिवशी टपरीसमोर मला इतका संताप आला की फ्लेक्सची दोरी तोडावी वाटली. पण सासऱ्यांचे हात जोडलेले होते त्यात. तशीच घरी आले आणि राहिलेली मापं घासली.

बहिरेपण मला जन्माचं नाही. मुलगी रांगत होती तेव्हा मला मणक्याचा क्षय झाला. इंजेक्शनं घेतली, क्षय गेला, आणि जाताना कान घेऊन गेला. आधी चिमण्या गेल्या. मग सासूबाईंचा आवाज गेला, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. मग मुलीचं रडणं गेलं. ती बोलायला लागली तोवर सगळं मिटलं होतं. माझ्या लेकीचा आवाज कसा आहे, हे मला माहीत नाही. शेजारणी म्हणत, अगदी तुझ्यासारखा आहे, पण माझा आवाजही मी विसरत चालले होते.

डावा कान लहानपणी वाहून वाहून आधीच निकामी झाला होता. उजव्यात थोडं उरलं होतं. त्याला मशीन लावलं की जाड आवाज तेवढे यायचे. ट्रॅक्टर, बैलाचं हंबरणं, लग्नातला ढोल, दार आपटलेलं. माणसाचं बोलणं नाही, पण आजूबाजूला जग चालू आहे एवढं कळायचं. रोज सकाळी मशीन कानात घातलं आणि दुधाचा टेम्पो घुर्रघुर्र करत दारात आला, की मला बरं वाटायचं.

बाकी सगळं ओठांवरून. ते मी स्वतःच शिकले, गरज शिकवते तसं. पण आमच्या घरातली तोंडं वाचायला अवघड. सासऱ्यांच्या झुपकेदार मिशा थेट खालच्या ओठावर उतरलेल्या, त्यामुळं ते काय म्हणतात हे मला कधीच कळलं नाही. नवरा चांगला माणूस, पण सदा तोंडात तंबाखू, ओठ मिटून बोलणार. सासूबाईंचं तोंड मात्र स्वच्छ वाचता यायचं, आणि तेच वाचता येऊ नये असं मला पुष्कळदा वाटायचं.

गावच्या दूध सोसायटीचं केंद्र आमच्याच ओसरीवर होतं. सासरे तिचे चेअरमन, अख्खं गाव त्यांना त्याच नावानं हाक मारायचं. दुधाचं फॅट तपासायच्या मशीनवर मी बसायचे. लोकांना वाटायचं, बहिरीला काय कळतंय. कुणी किती पाणी घातलं याची चर्चा माझ्यासमोर उभं राहून करायचे आणि मग तीच किटली माझ्यापुढं ठेवायचे. मी काही बोलत नसे. मशीन बोलायचं. या मशीनमध्ये काहीतरी दैवी आहे, असं गावात बरेच जण मानत.

आणि मुलगी. तिला फार लवकर कळलं की आईशी बोलायला आवाज लागत नाही. आमच्या घरात सासऱ्यांसमोर सुना बोलत नाहीत, पदर सावरून आत बाहेर करतात. ओसरीवर पुढारी बसलेले असायचे, मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि समोर खांबाला टेकून माझी पाच वर्षांची लेक ओठांनी सांगायची, "त्यो जाडा काका झोपलाय." थोडी मोठी झाल्यावर सगळंच सांगायला लागली. कोण काय बोललं, कोण खोटं बोलतंय, आजोबा कुणावर चिडले. भर बैठकीत आमच्या दोघींची वेगळी बैठक चालायची आणि कुणाला पत्ता नसायचा. ऐकू येणाऱ्या किती सुनांना सासरी असं मोकळं बोलायला मिळतं? मला मिळत होतं. माझ्यासाठी ती एकेक अक्षर ओठांवर नीट मांडायला शिकली. पुढं ती सवयच झाली, कुणाशीही बोलली तरी तसंच. त्यामुळं ती अंगणाच्या पलीकडं असो, शाळेच्या मैदानात असो, मला तिचं सगळं दिसायचं. एवढ्या लांबून दिसतं, हे मी कधी तिला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी लोक पावसाबद्दल बोलायचे, दुसऱ्या वर्षी तेही बंद झालं. ऊस नव्हता म्हणून कारखान्याचं धुराडं थंड होतं आणि ऊसतोडीला जाणारी माणसं घरीच बसून होती. दूध आटत गेलं. आधी टेम्पो अर्धा भरून जायचा, मग दिवसाआड यायला लागला. मशीनसमोर मी रिकामी बसून राहायचे. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली, आणि सगळं गाव तिकडंच राहायला गेल्यासारखं झालं. ज्याची जनावरं तिथं, त्याच्या घरातलं एक माणूस तिथं. सासरे दिवसभर छावणीवर असत. चाऱ्याची गाडी उशिरा आली की लोक त्यांच्यावर ओरडत, आणि ते मिशीतल्या मिशीत काहीतरी बोलत उभे राहत. ज्या माणसानं कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्याला असं उभं राहिलेलं बघून मलाच वाईट वाटायचं.

अशात एक दिवस साहेब छावणी बघायला आले. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, सासरे जन्मभर त्यांच्या मागं फिरलेले. पुढं काय झालं ते मला मुलीनं सांगितलं, ती आजोबांची भाकरी घेऊन तिथं गेलती. लोकांनी साहेबांना पाणी मागितलं, चारा मागितला, कारखाना कधी सुरू होणार ते विचारलं. साहेबांकडं यातलं काहीच नव्हतं. मान हलवून हलवून ते दमले. निघताना सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चेअरमन, घरचं समदं बरं हाय ना?" आणि स्वतःसाठी कधी काही न मागणारे आमचे सासरे म्हणाले, "बरं हाय साहेब. सुनेच्या कानाचं तेवढं हाय."

मुलगी म्हणाली, साहेबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी तिथल्या तिथं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन असतं, त्याचं सगळं बघतो म्हणाले. "करून टाकू," म्हणाले. मला त्यांचा राग येत नाही आता. दोन वर्षं त्या माणसाला कुणाचं काहीच करून टाकता येत नव्हतं. पाऊस पाडता येत नव्हता, माझा कान उघडता येत होता.

आम्ही दवाखान्यात गेलो ते साहेबांच्या एका कार्यकर्त्याच्या जीपमधून. मी, नवरा आणि मुलगी. बीड मागं पडल्यावर रस्त्याकडेला नुसती काळी ढेकळं. डॉक्टरांनी तोंडाला फडकं बांधलं होतं आणि ते नवऱ्याकडं बघून बोलत होते. कानाच्या डॉक्टरांनी तरी तोंड उघडं ठेवावं. मी मुलीला म्हटलं, "त्यांना म्हणावं, कान माझा आहे." तिनं ते अगदी जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण डॉक्टर दचकले, फडकं खाली केलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

मग त्यांनी नीट सांगितलं. डाव्या कानात आता काही बसवायला जागा नाही, करायचं तर उजव्यातच. कानामागं हाड कोरून आत बारीक तार सोडायची, बाहेर डोक्याला एक चकती चिकटते, ती आवाज पकडून आत पाठवते. उजव्यात जे थोडंफार उरलंय ते ऑपरेशनात बहुतेक जाईल. यंत्राचा आवाज सुरुवातीला माणसाचा वाटणार नाही. महिनोन् महिने सराव करावा लागेल. बोलणं कळेल अशी चांगली आशा आहे, पण वचन नाही. आणि पुन्हा पहिल्यासारखं करता येणार नाही. शेवटी ते म्हणाले, "घरी जाऊन विचार करा. निर्णय तुमचा आहे."

तो 'तुमचा' मला फार आवडला. पण जीपमध्ये बसल्यावर कळलं, नवऱ्याला वाटत होतं तो त्याला म्हटलाय. घरी आल्यावर सासऱ्यांनी धरलं की तो साहेबांना म्हटलाय.

मला ऐकायचं होतं का? होतं. खोटं कशाला बोलू. लेकीचा आवाज एकदा कानात पडावा यासाठी मी काय दिलं नसतं. पण हातात होतं तेवढंही बहुतेक जाणार होतं. यंत्र चाललं नाही तर? मग टेम्पोची घुर्रघुर्रही नाही, जनावराचं हंबरणंही नाही, नुसती भिंत. आणि चाललं तर मुलीचं आणि माझं ते बोलणं? यंत्र लावल्यावर ती कशाला ओठ हलवत बसेल? आवाज करूनच बोलेल, आणि आवाज सगळ्यांनाच ऐकू जातो. हे मी कुणापुढं बोलले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून बोलले नाही.

लोक मात्र बोलायचे थांबत नव्हते. टँकरवर भेटेल ती बाई घागर खाली ठेवून विचारायची, "अगं, फुकटात कान मिळतोय, तू कावून मागं सरतीस?" सासूबाईंचं वेगळंच. त्या एक दिवस माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बघ बाई. इतकी वर्सं निवांत हायेस. आता समदं ऐकावं लागंल." त्या घाबरल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी माझ्या पाठीमागं मनातलं सगळं मोठ्यानं बोलून टाकलं होतं. आतापासूनच त्या माझ्याबद्दल बोलायचं झालं तर न्हाणीकडं जायला लागल्या होत्या.

दहावीचा निकाल लागला आणि गाठ आणखी आवळली. मुलीला चांगले मार्क पडले. तिची मैत्रीण पुढच्या शिक्षणाला लातूरला निघाली होती, आमच्या भागातली हुशार पोरं तिकडंच जातात. एका संध्याकाळी ओसरीवर त्याचा विषय निघाला. सासरे बोलत होते, मला नेहमीप्रमाणं नुसत्या मिशा हलताना दिसत होत्या, आणि मुलगी खांबाला टेकून मला सांगत होती. "आजोबा म्हणतेत, आईचं ऑपरेशन झालं का मग खुशाल जा. तोवर आईला कोण हाय? बाप दिवसभर भाईर, आजीचं वय झालंय. ऑपरेशन न्हाई झालं तर बीडला जाऊन येऊन शिकंल." स्वतःबद्दलचा निकाल ती मला सांगत होती, आणि चेहऱ्यावर काही नाही. चाऱ्याचा भाव सांगावा तसं सांगितलं.

रात्रीची भांडी घासताना मी तिला विचारलं, "तुला जायचंय?"

ती म्हणाली, "बघू. तुला सोडून कुठं जाऊ?" आणि हसली. मला ते किती गोड लागलं.

पण झोप उडाली ती उडालीच. हो म्हणावं तर तो साहेबांचा कान, सासऱ्यांची इभ्रत, माझं त्यात डोकं तेवढं. नाही म्हणावं तर मुलीच्या पायात मीच दोरी बांधतेय. मी कुठूनही निघाले तरी कुणीतरी आधीच दारात उभं होतं. नवऱ्याला म्हटलं, मला थोडे दिवस द्या. तो म्हणाला, "घे की. रविवार हाय अजून लांब." म्हणजे याला वाटत होतं, मला सत्कारासाठी दिवस हवे आहेत.

रविवारी छावणीवर मांडव घातला. एका बाजूला दावणीला बांधलेली जनावरं, एका बाजूला खुर्च्या. बायकांना खाली सतरंजी. मला मात्र वर स्टेजवर, साहेबांच्या शेजारच्या शेजारी. जूनचं ऊन, आणि माझ्या अंगावर शाल घातली. हातात नारळ दिला. घामानं अंग निथळत होतं, पण शाल काढली तर अपमान. मी बसून राहिले.

मग भाषणं सुरू झाली आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. प्रत्येक बोलणारा माइक तोंडाला लावायचा. ओठच दिसत नव्हते. माझ्या कानांच्या सत्कारात मला एक अक्षर कळत नव्हतं. उजव्या कानातल्या मशीनमध्ये नुसतं घों घों येत होतं. मी आपली समोरच्या माणसांकडं बघून कधी हसायचं, कधी हात जोडायचे ते ठरवत होते. मुलीनं स्टेजसमोर बसून मला सगळं सांगायचं, असं ठरलं होतं. मी तिला शोधायला लागले. सतरंजीवर नव्हती. खुर्च्यांत नव्हती. शेवटी दिसली ती पार मागं, पाण्याच्या टाकीपाशी, त्या लातूरच्या मैत्रिणीबरोबर.

ती बोलत होती. माझ्यासाठी शिकलेल्या त्या स्वच्छ ओठांनी बोलत होती.

"सुटले बाई एकदाची," ती म्हणाली. मैत्रिणीनं काहीतरी विचारलं, तिची पाठ माझ्याकडं होती. मुलगी म्हणाली, "तुला न्हाई कळायचं. उठल्यापासून झोपेपर्यंत. कोण काय म्हणलं, ते सांग. परत सांग. कुठं जायचं म्हणलं की आई. खेळायचं म्हणलं की आई. माझं तोंड दुखतं गं. खरंच, रात्री इथं दुखतं." तिनं जबड्याला हात लावून दाखवलं. मग मैत्रीण पुन्हा काहीतरी म्हणाली, आणि माझी लेक म्हणाली, "आई न्हाई म्हणली तर? तर मी इथंच मरते."

आणि दोघी हसल्या.

मला आधी राग आला. मग लाज वाटली. मग काहीच वाटेना, नुसतं उकडत राहिलं. इतकी वर्षं मी समजत होते, ती आमची दोघींची मजा आहे. ती मजा नव्हती, काम होतं. पाच वर्षांची होती तेव्हापासून ती कामाला लागली होती, आणि काम झाल्यावर हसून दाखवत होती. घरातली प्रत्येक सून तेच करते, माझ्या डोळ्यांसमोर माझी मुलगी सून झाली होती. मला दिसलं नव्हतं.

कुणीतरी माझ्या कोपराला धरून उठवलं. हातात माइक दिला. नवऱ्यानं समोरून खूण केली, दोन शब्द बोल, आभार मान. साहेब हसून माझ्याकडं बघत होते. सासरे खाली बघत होते. माझा आवाज केवढा लागतो हे मला कळत नाही, म्हणून मी बाहेर बोलतच नाही. त्या दिवशी बोलले.

"शालीबद्दल आभार," मी म्हटलं. "कानाचं मी अजून ठरवलेलं न्हाई. फ्लेक्सवर चुकीचं छापलंय. आणि माझी मुलगी लातूरला जाणार हाय. ह्याच महिन्यात. माझं ऑपरेशन हो, न्हाईतर न हो. त्या दोन गोष्टींचा काही संबंध न्हाई. इथं साहेब हायेत, चेअरमन हायेत, सगळ्यांसमोर सांगते, तिच्या आईला कुणी लागत न्हाई."

माझा आवाज फार मोठा लागला असावा. दावणीची दोन बैलं माना वर करून बघायला लागली. मग भाषण संपलं असं समजून पुढच्या रांगेतल्या एकानं टाळी वाजवली, त्याचं बघून सगळ्यांनी वाजवली, आणि शेवटी साहेबांनीही. आमच्याकडं माइकवरून बोललेल्या प्रत्येक गोष्टीला टाळी असते.

पुढच्या चार दिवसांत घरात बरंच झालं. सासरे माझ्याशी तसेही बोलत नसत, आता माझ्या हातचा चहा घ्यायचे थांबले. सासूबाई म्हणाल्या, इज्जत घालवली. नवरा म्हणाला, "सांगायचं हुतं तर घरात सांगायचं." मी म्हटलं, "घरात कुणी विचारलं होतं?" त्यावर त्यानं तंबाखू मळायला घेतली. पण एक झालं. जाहीर सभेत बोललं गेलं होतं, टाळ्या पडल्या होत्या, आता ते मोडलं तर चेअरमनची शोभा. मुलीचं लातूरला जायचं पक्कं झालं. त्यांच्याच हिशेबानं झालं.

मुलगी मात्र खूश झाली नाही. सभेच्या संध्याकाळीच ती मला गोठ्यात गाठून म्हणाली, "तू मला बघितलंस." विचारत नव्हती.

मी मान हलवली.

"स्टेजवरून? टाकीपर्यंत दिसतं तुला?"

मी म्हटलं, तुझं दिसतं. दुसऱ्या कुणाचं नाही दिसत, तुझं दिसतं.

मला वाटलं, ती रडेल, गळ्यात पडेल. ती विचार करत उभी राहिली. मनातल्या मनात ती मागं जात होती, शाळेच्या मैदानापर्यंत, विहिरीपर्यंत, मैत्रिणींबरोबर जिथं जिथं उभी राहिली असेल तिथपर्यंत. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे कायमच दिसत हुतं."

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली. दोघी दारात उभ्या राहून लातूरच्या खोलीचं बोलत होत्या, मी ओसरीवर रिकाम्या मशीनजवळ बसले होते. मुलीनं एकदा माझ्याकडं बघितलं, उजवा हात वर उचलला आणि तोंडावर आडवा धरला. हाताच्या मागं ती बोलत राहिली. मैत्रीण हसली. मला नुसते डोळे दिसले.

मग तसंच सुरू झालं. माझ्याशी बोलायची, पूर्वीसारखीच, स्वच्छ, गोड. दुसऱ्याशी बोलायचं झालं की हात वर. रागानं नाही. आपण पदर सरळ करतो तशी सहज. तिचा हक्कच होता तो. ऐकणाऱ्या आईपासून लपायला मुलीला दार लावता येतं, दुसऱ्या खोलीत जाता येतं. माझ्यापासून लपायला तिच्याकडं फक्त स्वतःचा हात होता. हे मला पूर्ण पटत होतं, आणि तरी तो हात वर गेला की मी उठून आत जायचे.

तिला सोडायला आम्ही बीडच्या स्टँडवर गेलो. ऊन तसंच, आभाळ तसंच कोरडं. लातूरची गाडी लागली, नवऱ्यानं खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. दोघी मैत्रिणी शेजारी शेजारी बसल्या. मी खाली उभी. खिडकीत मुलगी मैत्रिणीकडं वळली, हात तोंडावर गेला, काहीतरी बोलली, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. माझ्याबद्दल असेल, पिशवीतल्या चिवड्याबद्दल असेल. मग हात खाली घेऊन ती माझ्याकडं वळली. ओठांनी म्हणाली, "जा आता. ऊन लई हाय." मी म्हटलं, "जाते." गाडी हलली.

ऑपरेशनात जे जाईल म्हणून मी घाबरत होते, ते आमचं दोघींचं बोलणं आधीच जाऊन चुकलं होतं. कुणी कानाला हातही लावला नव्हता. आता राहिला होता तो फक्त उजवा कान, आणि तो माझा एकटीचा होता. दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचा मला भयंकर कंटाळा आला. इतकी वर्षं, उठल्यापासून झोपेपर्यंत, एकेकाच्या ओठांना धरून मी चालले होते. भिंतीकडं तोंड करून बसावं आणि तरी कुणी आपल्याला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. नाही ऐकू आली तर नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, "दवाखान्यात फोन करा. म्हणावं, ती येतेय."

तो माझ्याकडं वळला. तोंड हलायला लागलं. साहेबांचं असेल, चेअरमनचं असेल, आधी तर नाही म्हणत होतीस असं असेल. मी त्याच्याकडं बघितलं नाही. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर वळेपर्यंत मी गाडीकडंच बघत राहिले.